नचिकेताचा प्रश्न आणि आमचा जुना फ्रिज



आजचं वाचन : कठोपनिषद, पहिला अध्याय, पहिली वल्ली.

नचिकेत म्हटलं की आपल्याला यमाचं दार, तीन रात्रींचा उपास आणि तीन वर आठवतात. मृत्यूनंतर काय, हा मोठा प्रश्न आठवतो. पण आज सकाळी वाचताना मी त्याच्याही आधी, अगदी सुरुवातीलाच थांबले.

वाजश्रवस यज्ञ करतोय. सर्वस्व देऊन टाकण्याचा यज्ञ. दक्षिणेच्या गायी नेल्या जातायत आणि त्याचा लहान मुलगा बाजूला उभा राहून बघतोय. गायी कशा आहेत? त्यांचं पाणी पिऊन झालंय, गवत खाऊन झालंय, दूध देऊन झालंय. आता वासरू होण्याचंही वय राहिलेलं नाही. हे बघून मुलाच्या मनात येतं की असलं दान देणाऱ्याला कुठला आनंद मिळणार? मग तो वडिलांना विचारतो, "बाबा, मला कोणाला देणार?"

उपनिषद सांगतं की त्या क्षणी मुलामध्ये श्रद्धा शिरली. हा शब्द मला फार आवडतो. वडील चुकतायत हे दिसल्यावर त्याला राग आला किंवा लाज वाटली, असं तिथे म्हटलेलं नाही. यज्ञ खरा आहे, दान खरं आहे असं तो मनापासून मानतो, म्हणूनच खोटं दान त्याला बघवत नाही.

आता जरा विचार करा, वाजश्रवसाचं नेमकं काय चुकलं? गाय म्हातारी झाली हा तिचा दोष नाही. ती दुसऱ्याने सांभाळली तर त्यातही पाप नाही. पण म्हाताऱ्या गाईला चारा लागतो, औषधपाणी लागतं, ती मेल्यावर तिची विल्हेवाट लावावी लागते. हा सगळा खर्च वाजश्रवसाने दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधला आणि पुण्य मात्र आपल्या खात्यात लिहिलं. गोठा रिकामा करणं आणि दान करणं यांत त्याने गल्लत केली.

एवढं वाचलं आणि मला हसू आलं. कारण गेले पंधरा दिवस आमच्या घरात हाच विषय चालू आहे. फक्त गाईच्या जागी फ्रिज आहे.

दसऱ्याला झेंडू, दिवाळीला भंगार

आमचा फ्रिज अठरा वर्षांचा. दसऱ्याला आई गाडीला, शिलाई मशीनला, मिक्सरला, वॉशिंग मशीनला आणि फ्रिजलाही हळदकुंकू लावते, झेंडूचं फूल ठेवते. यंत्रांनी वर्षभर आपली सेवा केली म्हणून हा नमस्कार. किती सुंदर रीत आहे ही! आणि मग पंधरा दिवसांत दिवाळीची साफसफाई येते. ज्याच्यावर झेंडू ठेवला, त्याच्याकडे बघून आपण म्हणतो, "ही अडगळ कधी काढायची?"

नवीन फ्रिज आला. जुना गॅलरीत गेला. तो चालू होता, पण कसाबसा. बर्फ डोंगरासारखा साचायचा, दाराचं रबर सुटलेलं, कॉम्प्रेसर दिवसभर घरघरत राहायचा. आई म्हणाली, "मावशींना देऊन टाकू. भंगारात घालण्यापेक्षा गरिबाच्या उपयोगी पडेल."

आईचा हेतू चांगलाच होता. तुमच्याही घरी हे वाक्य असंच बोललं जात असेल, आणि तेही प्रेमानेच. पण आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी शांतपणे एकच विचारलं, "काकू, ह्याला लाईट बिल किती येतं?"

आई गप्प झाली. मीही. बिल जास्त येतं म्हणूनच तर आम्ही नवा फ्रिज घेतला होता!

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत. द्यायला हवं म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. आणि अयोग्य जागी, अयोग्य वेळी, आदर न ठेवता, घेणाऱ्याला तुच्छ मानून दिलेलं ते तामस. आपल्याला वाटतं, तामस दान करणारे कोणी तरी वेगळेच असतात. पण "आपल्याला नको झालंय, तिला चालेल" या साध्या वाक्यातही अनादर लपलेला असू शकतो. घेणाऱ्याला हवंय का, परवडेल का, हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही.

"मग भंगारवाल्याला दे, विषय संपला"

हे दादाचं मत. बहुतेक घरांत विषय इथेच संपतो. पण खरंच संपतो का?

फ्रिजच्या पोटात काय काय असतं ते बघा. तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड, म्हणजे ज्याचे पैसे येतात असा माल. आणि त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरमधलं तेल, भिंतींमधला फोम आणि थंडावा देणारा वायू, ज्याचे पैसे येत नाहीत. आमच्या फ्रिजच्या मागच्या पट्टीवर आर-१३४ए असं लिहिलंय. जुन्या सीएफसी वायूंसारखा तो ओझोनच्या थराला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे. व्यवस्थित काम करणारा रिसायकलर हा वायू यंत्राने ओढून बाटलीत भरतो, तेल वेगळं काढतो. रस्त्याकडेला मोडतोड होते तेव्हा नळीवर एक घाव बसतो, फुस्स आवाज येतो आणि वायू आभाळात जातो. तेल मातीत जिरतं.

बाकीच्या वस्तूंचंही असंच आहे. जुन्या डब्बा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, कधी कधी किलोभराहूनही जास्त. सीएफएल दिव्यात थोडासा पारा असतो. वायरीतलं तांबं झटकन मिळावं म्हणून वर गुंडाळलेलं पीव्हीसी जाळलं, तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं धुरातून बाहेर पडतात. सर्किट बोर्डातलं सोनं आणि तांबं काढायला काही ठिकाणी ॲसिड वापरतात, तेही उघड्या हातांनी. उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद पितळेच्या कामासाठी प्रसिद्ध, पण तिथेच देशभरातले सर्किट बोर्ड येऊन जाळले जात. ती काळी राख रामगंगेच्या काठावर साचली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

रामगंगा हे नाव वाचलं की आपल्या नाशिककरांना आपली गंगा आठवणारच. गोदामाई ब्रह्मगिरीवरून निघते, रामकुंडावरून पुढे जाते, नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीत पक्ष्यांना आसरा देते आणि पैठणला नाथसागरात साठते. छत्रपती संभाजीनगरची माणसं ते पाणी पितात. शिसं कुजत नाही, विरघळून नाहीसं होत नाही. आपण "गेलं" म्हणतो तेव्हा ते फक्त आपल्या नजरेआड गेलेलं असतं. पुढचा सिंहस्थ २०२७ चा आहे. पर्वणीला आपण त्याच पाण्यात डोकं बुडवणार आहोत. स्नानाची तयारी काठावर जशी होते, तशी घरातल्या अडगळीपासूनही व्हायला हवी, असं मला वाटतं.

सातशे रुपयांचा प्रश्न

आम्ही दोन ठिकाणी चौकशी केली. कॉलनीत येणाऱ्या भंगारवाल्या काकांनी बाराशे रुपये सांगितले. फ्रिजच्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला, तिथे आधी दोनदा फिरवाफिरवी झाली, मग एकाने नीट सांगितलं की त्यांच्या ठरलेल्या रिसायकलरची गाडी घरी येऊन घेऊन जाईल, पाचशे मिळतील.

दादा म्हणाला, "सातशेचा तोटा कशाला?"

मला वाटतं, आजच्या वाचनाचा खरा गाभा या सातशे रुपयांत आहे. तेच लोखंड, तेच तांबं. मग एक जण जास्त पैसे कसे देऊ शकतो? वायू पकडायचा खर्च, तेलाची विल्हेवाट, निरुपयोगी फोमचं ओझं, कामगारांचे हातमोजे आणि मास्क, हे सगळं रिसायकलरच्या हिशेबात येतं. दुसऱ्या साखळीत हा खर्च कोणीच रोख देत नाही. म्हणजे खर्च होत नाही असं नाही. तो कोणाच्या तरी फुप्फुसातून, कोणाच्या तरी विहिरीतून वसूल होतो. आमच्या हातात पडणारे जास्तीचे सातशे रुपये तिथून आलेले असतात.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात फार कडक शब्द वापरलाय. जो मिळालेलं भोगतो आणि परत काही देत नाही, त्याला भगवंतांनी सरळ चोर म्हटलंय. अठरा वर्षं फ्रिजने दूध नासू दिलं नाही, उन्हाळ्यात थंड पाणी दिलं, आजीची इन्सुलिन सांभाळली. जमिनीतून आलेलं तांबं आणि लोखंड आपण वापरलं. ते परत चक्रात पाठवायचं, तेही कोणाला इजा न करता, एवढं देणं आपल्याकडे लागतंच.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम पहिल्यांदा २०११ मध्ये आले, २०१६ मध्ये बदलले आणि नंतर २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. आता त्यांत फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीनपासून इस्त्री, टोस्टरपर्यंत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. आपण विकलेल्या मालाच्या ठरावीक प्रमाणात जुना माल नोंदणीकृत रिसायकलरकडून मार्गी लावणं ही कंपनीची जबाबदारी. मोठ्या कार्यालयांनी आणि संस्थांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच द्यायचा. या नियमांत कंपन्यांवर, रिसायकलरवर, मोठ्या ग्राहकांवर जबाबदाऱ्या आहेत. तुमच्या-माझ्यासारख्या घरांचा गळा मात्र कोणी धरलेला नाही.

म्हणजे आमच्या गॅलरीतल्या फ्रिजचं काय करायचं हे विचारायला कोणी पोलीस येणार नाही. वाजश्रवसालाही कोणी अडवलं नव्हतं. गायी मोजून दिल्या होत्या, विधी पूर्ण झाला असता. अडवलं ते घरातल्या मुलाने.

जगाचं चित्र काही फार आशादायक नाही. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यातला जेमतेम २२ टक्के योग्य रीतीने गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. असे आकडे वाचले की "माझ्या एका मिक्सरने काय होणार?" असं वाटतं. पण निर्माल्याची पिशवीही एकेकट्या माणसाचीच असायची ना? "माझ्या दोन हारांनी काय होणार" म्हणतच पुलावरून हजारो पिशव्या पाण्यात पडत होत्या.

मग भंगारवाल्या काकांचं काय?

इथे मात्र जरा थांबूया, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचला. सगळ्यांनी कंपनीला फोन करायला सुरुवात केली, तर हातगाडी घेऊन उन्हात फिरणाऱ्या काकांनी काय खायचं? धर्माच्या नावाखाली आपण गरिबाच्या ताटातली भाकरी तर ओढत नाही ना?

काकांना खलनायक करणं हे मला साफ अमान्य आहे. रद्दी, पत्रा, बाटल्या, पुठ्ठा, आपल्या शहरातला कितीतरी माल त्यांच्यामुळे कचऱ्यात न जाता पुन्हा वापरात येतो. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला. दुकानं हटली, पण आपल्या घरांतलं भंगार थोडंच हटलं? ते कुठे तरी जाणारच. आपल्याला नजरेसमोर नकोत ती माणसं आणि आपल्याला नको झालेल्या वस्तू यांना आपण एकाच टोपलीत टाकतो, हाही एक अनादरच आहे. गोदावरीवरच्या ज्या पुलाला गाडगे महाराजांचं नाव आहे त्यावरून जाताना हे आठवायला हवं. बाबांनी हातात खराटा घेतला तेव्हा सफाई करणाऱ्याचा मान त्यांनी कीर्तनकाराच्या बरोबरीला आणून ठेवला.

पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. तिच्या सभासद घरोघरी कचरा गोळा करतात आणि ई-कचराही वेगळा स्वीकारून योग्य ठिकाणी पाठवतात. म्हणजे गोळा करणारे हात तेच ठेवून पुढची वाट बदलता येते. घातक असतं ते जाळणं आणि ॲसिडात बुडवणं. दारोदार फिरून वस्तू गोळा करणं घातक नाहीच.

मी काकांशी बोलले. ते म्हणाले, "ताई, मला पण धूर नको असतो. पण पुढचा शेठ घेतो तसाच भाव मला मिळतो." त्यांच्या या बोलण्यात अख्खं अर्थशास्त्र आलं. आता आमचं ठरलंय की रद्दी, पत्रा, प्लास्टिक, पुठ्ठा सगळं त्यांनाच, घासाघीस न करता. वायर, बोर्ड, बॅटरी, काच आणि वायू असलेली यंत्रं मात्र नोंदणीकृत वाटेने. हा काही परिपूर्ण तोडगा नाही. काकांचं त्यात थोडं नुकसान आहेच, आणि ते मला दिसतं. पण त्यांच्याच पोराने उद्या तो धूर घ्यावा, यापेक्षा हे बरं.

'न मम' कधी म्हणायचं?

होमात आहुती टाकताना आपण 'न मम' म्हणतो. हे माझं नाही. किती मोठा भाव आहे हा! पण लक्षात घ्या, 'न मम' म्हणण्याच्या आधी यजमानाने समिधा निवडलेल्या असतात, तूप शुद्ध केलेलं असतं, अग्नी नीट पेटलाय ना हे बघितलेलं असतं. सगळी काळजी घेऊन झाल्यावर हात सुटतो. आपण मात्र काळजी घ्यायची वेळ आली की लगेच 'न मम' म्हणतो. घंटागाडीत टाकलं, न मम. भंगारात दिलं, न मम. पहिल्या 'न मम'मध्ये मालकी सुटते, दुसऱ्यात जबाबदारी. शब्द एकच, पण एकाने माणूस मोकळा होतो आणि दुसऱ्याने नुसता बेफिकीर.

बाप्पाला निरोप देतानाही आपण आधी उत्तरपूजा करतो, मग मूर्ती जागेवरून हलवतो. आपल्याच नाशिकमध्ये 'देव द्या, देवपण घ्या' या मोहिमेत विसर्जनाच्या दिवशी तरुण मुलं गोदाकाठी उभी राहून मूर्ती स्वीकारतात. सुरुवातीला असं देणं अनेकांना जड गेलं असेल. पण मूर्ती नदीत सोडण्याऐवजी हातात देतानाही भक्ती तशीच राहते, हे लोकांना उमगत गेलं. प्रत्यक्ष देवाच्या बाबतीत जे जमलं, ते फ्रिजच्या बाबतीत का जमू नये?

यंत्राची उत्तरपूजा म्हणजे काय, तर एवढंच :

• आधी दुरुस्ती होते का बघा. वापरता येणारी वस्तू मोडीत काढणं हाही अपव्यय आहे.

• कोणाला द्यायची असेल तर आधी विचारा, "तुम्हाला हवी आहे का?" दोष लपवू नका. दुरुस्त करून द्या.

• मोबाईल, लॅपटॉप देण्याआधी त्यातली माहिती पुसा.

• फ्रिज, एसी, टीव्ही घरी उघडू नका, फोडू नका.

• कंपनीच्या कस्टमर केअरला विचारा. ते जमलं नाही तर केंद्रीय किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतला नोंदणीकृत रिसायकलर शोधा, आणि वस्तू दिल्यावर पावती मागा.

• बॅटऱ्या आणि सीएफएल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, वेगळ्या डब्यात साठवा. सोसायटीतल्या दहा घरांनी मिळून साठवलं तर गाडी बोलावणं सोपं जातं.

आमच्या घरी काय झालं? मावशींना फ्रिज नकोच होता. आईने पहिल्यांदा विचारलं तेव्हा कळलं की त्यांना मिक्सर हवाय, सकाळी डबे करताना वाटण हाताने करावं लागतं म्हणून. आमच्याकडे दोन मिक्सर होते. त्यातल्या बऱ्याला नवीन कार्बन ब्रश आणि कपलर बसवून घेतला, भांड्याला धार लावून घेतली. दुरुस्तीचे पैसे फ्रिजच्या पाचशेमधून गेले. आईने मिक्सर पुसून, वर कुंकू लावून मावशींच्या हातात दिला.

आणि एक गोष्ट. नचिकेताला यमाने वर मागायला सांगितलं तेव्हा त्याने पहिला वर कोणता मागितला? स्वर्ग नाही, आत्मज्ञान नाही. माझ्या वडिलांचं मन शांत होवो, त्यांचा माझ्यावरचा राग जावो. म्हणजे प्रश्न विचारायचाच, पण घरच्यांना हरवण्यासाठी नाही. तुम्ही आज हे वाचून आई-बाबांना ई-कचऱ्यावर व्याख्यान द्यायला निघाला असाल, तर आधी तो पहिला वर आठवा. गाडी बोलवायचं काम स्वतः अंगावर घ्या, खालच्या मजल्यापर्यंत वस्तू स्वतः उचलून न्या. मग तुमचं म्हणणं आपोआप ऐकलं जाईल.

आजची साधना : घरातला तो एक ड्रॉवर उघडा, ज्यात जुने चार्जर, बंद पडलेले फोन आणि फुगलेल्या बॅटऱ्या आहेत. प्रत्येक घरात तो असतोच. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, बाजूला काढून ठेवा. मग प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारा, ही मी कोणाला देणार? आणि देताना माझ्यापाशी आदर असेल का?

उद्या पुढच्या मंत्रांवर बोलू. राम कृष्ण हरी!